कला-संस्कृतीवर कोणता देश किती खर्च करतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर फेब्रुवारीत केंद्राचं बजेट आलं की आठवड्याभरात मला तेच प्रश्न नव्याने येऊ लागतात. नाट्यसंस्थांकडून येतात, पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांकडून येतात आणि ‘जर्मनीत बघा, नाहीतर आपल्याकडे!’ म्हणणाऱ्या रसिकांकडूनही येतात. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा सगळं इथे लिहून ठेवतो. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत, एकसारखे तेवढे एकत्र केले.

१. थोडक्यात सांगा, सर्वांत जास्त खर्च कोण करतं?

युरोपापुरतं बोलायचं तर आइसलँड आणि हंगेरी. युरोपीय संघातली सरकारं मिळून जीडीपीच्या एक टक्क्याहून थोडी जास्त रक्कम या खात्यावर घालतात. या दोघांचा आकडा त्याच्या दुपटीच्या पुढे जातो. पण हे उत्तर ज्या रकान्यातून येतं, त्याचं नाव ‘करमणूक, संस्कृती आणि धर्म’ असं आहे. हंगेरीत गेल्या दीड दशकात सरकारी पैशातून फुटबॉलची स्टेडियमं धडाधड उभी राहिली, तीही याच रकान्यात जमा. तेव्हा ‘हंगेरी कलेवर सर्वांत जास्त खर्च करतो’ असं लिहिण्याआधी प्रश्न ३ वाचा.

२. हे आकडे गोळा कोण करतं? सगळ्या जगाचा एकच तक्ता मिळेल का?

एकच, भरवशाचा, सगळ्या जगाचा तक्ता नाही. संयुक्त राष्ट्रांनी सरकारी खर्चाचं कार्यानुसार वर्गीकरण ठरवून दिलं आहे आणि त्यात संस्कृती आठव्या विभागात येते. युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय या वर्गीकरणाने दरवर्षी आकडे छापतं, म्हणून युरोपातल्या देशांची आपसात तुलना बऱ्यापैकी करता येते. युनेस्को वारशाच्या जतनावरचा दरडोई खर्च शाश्वत विकास उद्दिष्टांखाली मागवते, पण सगळे देश तो देतातच असं नाही. बाकी जगासाठी प्रत्येक देशाचं बजेट उघडून हाताने बेरीज करायची. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

३. ‘संस्कृती’मध्ये नक्की काय काय मोजतात?

वर सांगितलेल्या आठव्या विभागाचे पोटभाग असे: पहिला क्रीडा व करमणूक, दुसरा सांस्कृतिक सेवा, तिसरा प्रसारण व प्रकाशन, चौथा धार्मिक व सामुदायिक सेवा. पुढचे दोन संशोधन आणि किरकोळ.

नाटक, संगीत, संग्रहालय, ग्रंथालय, स्मारक हे सगळं दुसऱ्या पोटभागात. तुम्हाला ‘कला’ म्हणायचं असेल तर तेवढंच उचला. युरोपीय संघात हा दुसरा पोटभाग पूर्ण विभागाच्या निम्म्याच्याही आत भरतो. म्हणजे वर्तमानपत्रात ‘संस्कृतीवर अमुक टक्के’ असं छापून येतं, त्यातला अर्ध्याहून अधिक पैसा जलतरण तलाव, टीव्ही, चर्च वगैरेंचा असू शकतो.

चित्रकला महाविद्यालय किंवा संगीत विद्यापीठ मात्र यात नाही. ते शिक्षणाच्या विभागात जातं.

४. भारत सरकार किती खर्च करतं?

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची २०२५-२६ची अर्थसंकल्पीय तरतूद सुमारे ३,३६१ कोटी रुपये होती. त्या वर्षीचं एकूण बजेट सुमारे ५०.६५ लाख कोटींचं. शंभर रुपयांत पावणेसात पैशांनाही किंचित कमी. लोकसंख्या १४६ कोटी धरली तर माणशी वर्षाला २३ रुपये.

त्यातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे जातो. त्यांच्या अखत्यारीत साडेतीन हजारांहून जास्त संरक्षित स्मारकं आहेत, रायगडापासून अजिंठ्यापर्यंत. उरलेल्यात राष्ट्रीय संग्रहालयं, ग्रंथालयं, तिन्ही अकादमी (साहित्य, संगीत नाटक, ललित कला), एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय), सात विभागीय सांस्कृतिक केंद्रं. जिवंत, आज रंगमंचावर उभ्या असलेल्या कलावंताच्या वाट्याला त्या २३ रुपयांतले किती येत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

५. म्हणजे भारत माणशी २३ रुपये खर्च करतो, असं लिहू ना?

नका लिहू. ‘केंद्राचं संस्कृती मंत्रालय’ आणि ‘भारत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ तुलना इथेच घसरतात.

पहिलं, केंद्रातच पैसा विखुरलेला आहे. दिल्लीचं एनएसडी संस्कृती मंत्रालयाकडे, पण पुण्याची चित्रपट प्रशिक्षण संस्था एफटीआयआय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे. आकाशवाणी-दूरदर्शनही तिथेच. हातमाग आणि हस्तकला वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे, म्हणून येवल्याच्या विणकराला मिळालेली मदत संस्कृतीच्या बजेटात शोधूनही सापडणार नाही.

दुसरं, घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे नाट्यगृहं आणि नाट्यप्रयोग हा राज्यांचा विषय आहे. राज्यांची ग्रंथालयं आणि संग्रहालयंही राज्यसूचीत. महाराष्ट्रात सांस्कृतिक कार्य विभाग आहे, पण विश्वकोश आणि साहित्य संस्कृती मंडळ मराठी भाषा विभागाकडे, सार्वजनिक ग्रंथालयांचं अनुदान उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे. गोव्यात कला व संस्कृती संचालनालय आहे, तर इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं यजमानपद २००४ पासून वेगळ्याच सोसायटीकडे.

तिसरं, महापालिका. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर, ठाण्याचं गडकरी रंगायतन, पार्ल्याचं दीनानाथ ही सगळी पालिकेची घरं. मराठी नाटक ज्या छपराखाली होतं, त्या छपराचा खर्च केंद्राच्या आकड्यात शून्य रुपये आहे. (पालिकेच्या आकड्यातही तो नीट दिसत नाही, ते प्रश्न १२ मध्ये.)

६. मग राज्यांचा खरा आकडा काढायचा कसा? प्रत्येक खात्याच्या मागे लागायचं का?

नाही, यासाठी एक चांगली किल्ली आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. भारतात केंद्र आणि सगळी राज्यं मुख्य लेखाशीर्षांचे (खर्च नोंदवायच्या मुख्य रकान्यांचे) एकच क्रमांक वापरतात. २२०५ म्हणजे ‘कला व संस्कृती’. पैसा कोणत्याही खात्याच्या मागणीतून निघो, काम या प्रकारचं असेल तर नोंद २२०५ खाली होते. त्यातच ललितकला शिक्षण (प्रश्न ३ मधल्या वर्गीकरणात हे बाहेर राहतं), पुरातत्त्व, पुराभिलेख, सार्वजनिक ग्रंथालयं, संग्रहालयं अशी गौण शीर्षं आहेत. क्रीडेचं शीर्ष २२०४, प्रसारणाचं २२२१. मंत्री बदलले, खात्यांची नावं बदलली तरी हे क्रमांक जागचे हलत नाहीत. बांधकामासारखा भांडवली खर्च ४२०२ मध्ये जातो, पण तिथे शिक्षण आणि क्रीडाही बसलेले असतात, त्यामुळे आत शिरून वेगळा काढावा लागतो.

दोन सूचना. राज्याच्या पुस्तकांत रकमा बहुधा हजार रुपयांत छापलेल्या असतात. पानाच्या कोपऱ्यातली ती बारीक ओळ वाचल्याशिवाय कॅल्क्युलेटर हातात घेऊ नका. आणि केंद्र व राज्यं यांची सरळ बेरीज करू नका. केंद्राने राज्याला दिलेलं अनुदान केंद्राच्याही खर्चात दिसतं आणि राज्याने ते खर्च केलं की पुन्हा राज्याच्याही. मी पहिल्यांदा असा तक्ता केला तेव्हा हीच चूक केली होती. एका बैठकीत मोठ्या तोऱ्यात तो पडद्यावर दाखवला आणि मागच्या रांगेतल्या निवृत्त लेखाधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, ‘हे ग्रँटचे पैसे तुम्ही दोनदा मोजलेत का हो?’ मोजले होते.

७. अमेरिका एवढी श्रीमंत, तरी कलेवर आपल्याहून कमी खर्च करते हे खरं का?

कोणता आकडा धरता त्यावर खरंही, खोटंही.

अमेरिकेत संस्कृती मंत्रालय नाही. १९६५ साली स्थापन झालेला राष्ट्रीय कला निधी आहे, आणि २०२४च्या आर्थिक वर्षात त्याला २०.७ कोटी डॉलर मिळाले. लोकसंख्येने भागलं तर माणशी साधारण ६१ सेंट. आपले २३ रुपये २०२५च्या मध्याच्या बाजारभावाने सुमारे २७ सेंट. म्हणजे अमेरिका आपल्या दुपटीहून थोडी वर. ‘बघा, फार काही फरक नाही’ म्हणणारे इथे थांबतात.

पण आपल्या २३ रुपयांत पुरातत्त्व, संग्रहालयं, ग्रंथालयं आहेत. कला निधीत यातलं काही नाही, तो फक्त अनुदानं वाटतो. बरोबरीने तोलायचं तर मानव्यविद्या निधीचे २०.७ कोटी डॉलर, संग्रहालय व ग्रंथालय सेवा संस्थेचे सुमारे २९.५ कोटी आणि संग्रहालयं चालवणाऱ्या स्मिथसोनियन संस्थेला संघ सरकारकडून मिळणारे शंभर कोटींहून थोडे जास्त डॉलर हेही धरायला हवेत. आता माणशी पाच डॉलरच्या वर गेलो. देश तोच, वर्ष तेच, आकडा आठपटीहून मोठा. आणि यात पन्नास राज्यं, शहरं आणि करसवलती (प्रश्न ११) अजून आलेल्याच नाहीत.

८. रुपयांचे डॉलर करताना बाजारभाव धरायचा की क्रयशक्ती?

कलेच्या बाबतीत माझं मत क्रयशक्तीच्या (त्या पैशात त्या देशात किती विकत मिळतं, त्या मापाच्या) बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे. या क्षेत्रातला मोठा खर्च माणसांच्या श्रमाचा असतो. तबलजी, नेपथ्य लावणारे, संग्रहालयातला पहारेकरी यांना रुपयांत पैसे मिळतात आणि ते इथल्याच बाजारात खर्च होतात. क्रयशक्तीच्या हिशेबात एक डॉलर सुमारे २० रुपयांचा पडतो. त्या मापाने आपले २३ रुपये होतात सुमारे १.१५ डॉलर, म्हणजे प्रश्न ७ मधल्या ६१ सेंटच्या जवळजवळ दुप्पट!

या वाक्याने भाषणात टाळ्या मिळतात. पण ते अर्धवट आहे, कारण डावीकडे पूर्ण मंत्रालय आणि उजवीकडे एकच अनुदान संस्था ठेवली आहे. पाच डॉलरशी तोललं तर आपण पुन्हा चौपटीहून जास्त मागे.

क्रयशक्ती कुठे चालत नाही? परदेशी वाद्यवृंद बोलावायचा आहे, प्रकाशयोजनेचं आयात सामान घ्यायचं आहे, लंडनच्या लिलावातून चित्र परत आणायचं आहे, तर तिथे बाजारभावच मोजावा लागतो.

९. दरडोई, जीडीपीचा टक्का, की बजेटचा टक्का? तिन्हीत वेगळा क्रम लागतो.

लागणारच, कारण तीन वेगळे प्रश्न आहेत. कलावंत आणि प्रेक्षकांपर्यंत किती पोचतं हे पाहायचं तर दरडोई. देशाच्या ऐपतीच्या मानाने किती, हे पाहायचं तर जीडीपी. सरकारच्या मनात कलेची जागा कुठे, हे पाहायचं तर बजेटचा टक्का. फ्रान्समध्ये १९८०च्या दशकात ‘सरकारी बजेटचा एक टक्का संस्कृतीला’ हे उद्दिष्ट गाजलं, ते या तिसऱ्या प्रकारचं.

जीडीपीच्या मापात आयर्लंडपासून सावध. तिथे बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या नफ्याने जीडीपी इतका फुगलेला असतो की आयरिश सांख्यिकी कार्यालय स्वतःच त्याऐवजी सुधारित राष्ट्रीय उत्पन्न वापरायला सांगतं. टक्केवारीत आयर्लंड युरोपात तळाला दिसतो, तो अंशतः यामुळे. आयरिश कलावंतांना विचाराल तर चित्र इतकं वाईट नाही (पुढचा प्रश्न).

१०. कलावंतांना दिलेलं मानधन, पेन्शन, बेकारभत्ता यात मोजतात का?

बहुतेक वेळा नाही, आणि कलावंताच्या पोटापाण्याच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी गळती आहे.

फ्रान्स घ्या. तिथे रंगमंच आणि चित्रपटात कामागणिक राबणारा कलाकार किंवा तंत्रज्ञ बारा महिन्यांत ५०७ तास भरले की बेकारी विम्याला पात्र होतो. प्रयोग नसलेल्या महिन्यांत चूल पेटती राहते ती या पैशावर. हा पैसा बेकारी विम्याच्या खात्यातून येतो. १९५९ पासून चालत आलेल्या संस्कृती मंत्रालयाच्या बजेटात त्याचा मागमूस नाही. पण तो काढून घेतला तर फ्रेंच रंगभूमीची काय अवस्था होईल, हे तिथल्या संपांनी अनेकदा दाखवून दिलं आहे.

जर्मनीत स्वतंत्र कलावंतांसाठी १९८३ पासून सामाजिक विम्याची खास व्यवस्था आहे. हप्त्याचा अर्धा भाग कलावंत भरतो, ३० टक्के त्यांचं काम विकत घेणाऱ्या कंपन्या आणि २० टक्के संघ सरकार. एका नोकरदाराला मालक जसा अर्धा हप्ता देतो, तशी सोय मालक नसलेल्या माणसासाठी केली.

आयर्लंडने २०२२ मध्ये प्रयोग म्हणून २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली. जपान ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवलेल्या कारागीर-कलावंतांना वर्षाला २० लाख येन देतो. महाराष्ट्रात ज्येष्ठ साहित्यिक व कलाकारांचं मानधन २०२४ मध्ये महिना ५,००० रुपये झालं. लोककलावंतांच्या घरी गेलात तर बजेटबद्दल कुणी विचारत नाही. ‘या महिन्याचं मानधन जमा झालं का’ एवढाच प्रश्न असतो.

११. करसवलत हा सरकारी खर्च आहे का?

खर्चाच्या रकान्यात नाही, पण तिजोरीतून गेलेला पैसा नक्कीच आहे. अमेरिकेत संग्रहालयाला किंवा ऑपेराला दिलेली देणगी करपात्र उत्पन्नातून वजा होते. तिथल्या सरकारची खरी मदत कला निधीतून कमी आणि न घेतलेल्या करातून कितीतरी जास्त पोचते. फरक असा, की पैसा कुठे जावा हे देणगीदार ठरवतो.

आपल्याकडची उदाहरणं: नाटक, नृत्य, संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही. निर्माते तिकिटाचा दर ५०० वरच का थांबवतात, त्याचं हेही एक कारण. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य. याउलट मराठी चित्रपटांना राज्य देतं ते अनुदान, म्हणजे सरळ खर्च. सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, वारसा आणि पारंपरिक कला येतात, पण तो कंपन्यांचा पैसा. कायद्याने भाग पाडलेला असला तरी सरकारी खर्चात मोजू नका.

१२. पालिकेच्या नाट्यगृहाचं भाडं कमी असतं. ही मदत कुठे दिसते?

कुठेच नाही. भाड्याच्या उत्पन्नातून नाट्यगृहाचा खर्च भागत नसेल तर उरलेला भार पालिका सोसते, म्हणजे ते अनुदानच. पण अनेकदा वीजबिल विद्युत विभागात, रंगकाम भवन विभागात आणि कर्मचाऱ्यांचे पगार आस्थापनेत पडतात. ‘सांस्कृतिक’ नावाच्या ओळीत राहतो महोत्सवाचा मंडप. म्हणून पालिकेचं बजेट वाचून ‘आमचं शहर नाटकाला काही देत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. तसंच, भाडं कमी आहे म्हणून एसी बंद चालेल, असंही पालिकेने समजू नये!

१३. जर्मनीचं केंद्र सरकार खरंच इतकं उदार आहे का?

उदार आहेत ते तिथली राज्यं आणि शहरं. २०२० मध्ये जर्मनीत सार्वजनिक पैशातून संस्कृतीवर सुमारे साडेचौदा अब्ज युरो खर्च झाले, माणशी सुमारे १७५ युरो. त्यात संघ सरकारचा वाटा एक पंचमांशाहून थोडाच वर, बाकीचं राज्यं आणि नगरपालिकांनी जवळपास निम्मंनिम्मं उचललं. संघ पातळीवर संस्कृतीचा स्वतंत्र कारभारी नेमला गेला तोच मुळी १९९८ मध्ये.

म्हणून आपलं केंद्रीय मंत्रालय आणि जर्मनीचा एकूण आकडा शेजारी ठेवणं म्हणजे एका घराच्या फक्त वडिलांची कमाई दुसऱ्या घराच्या सगळ्या कमावत्यांशी तोलणं. आणि २०२० हे कोविडचं वर्ष होतं, नेहमीपेक्षा जास्त मदत वाटली गेली, हेही लक्षात असू द्या.

१४. लॉटरीचा किंवा तिकिटावरच्या अधिभाराचा पैसा सरकारी धरायचा का?

ब्रिटनमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय लॉटरीच्या लोककार्य निधीतला २० टक्के वाटा कलेला आणि तितकाच वारशाला जातो. १९४६ साली उभ्या राहिलेल्या कला परिषदेकडे सरकारी अनुदान आणि लॉटरी, दोन्ही नळांतून पाणी येतं. मी दोन्ही मोजतो, पण वेगळ्या ओळींत, कारण लॉटरीची विक्री घटली की ती ओळ आपोआप आटते.

फ्रान्सचं राष्ट्रीय चित्रपट केंद्र प्रत्येक सिनेमा तिकिटावर १०.७२ टक्के अधिभार घेतं. अमेरिकी चित्रपटाच्या तिकिटावरही. तो पैसा फिरून फ्रेंच चित्रपटांच्या निर्मितीत येतो. हा कायद्याने बसवलेला कर आहे, म्हणून सरकारीच धरा.

१५. एखाद्या वर्षी आकडा अचानक उडी मारतो, ते धोरण समजायचं का?

आधी बांधकाम चालू आहे का बघा. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहासाठी शहराचा वाटा सुरुवातीला ७७ दशलक्ष युरो धरला होता. जानेवारी २०१७ मध्ये दार उघडेपर्यंत तो ७८९ दशलक्षांवर गेला. अशी एक इमारत अख्ख्या शहराची सरासरी बिघडवते. म्हणून निदान पाच वर्षांचे आकडे घ्या आणि भांडवली खर्च बाजूला काढा.

दुसरं कारण, कागदाचा प्रकार. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगळे आकडे आहेत. फेब्रुवारीत हाती येणाऱ्या पुस्तकात ‘प्रत्यक्ष’ असतो तो आदल्या पूर्ण वर्षाचा. परदेशाचा प्रत्यक्ष खर्च आपल्या अंदाजाशी तोलू नका. वर्षंही जुळवा: आपलं एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं ऑक्टोबर ते सप्टेंबर, ऑस्ट्रेलियाचं जुलै ते जून.

१६. टीव्ही-रेडिओ धरायचे का?

धरा किंवा सोडा, पण दोन्ही बाजूंना एकच नियम लावा. ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी घरटी परवाना शुल्क आहे, फ्रान्सने तसलं शुल्क २०२२ मध्ये रद्द करून पैसा सर्वसाधारण करातून द्यायला सुरुवात केली, अमेरिकी काँग्रेसने २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचा संघीय निधीच मागे घेतला. मी स्वतः प्रसारण वगळतो. बातम्या आणि क्रिकेटचा खर्च कलेत घालायला जीव धजत नाही.

१७. साहित्य संमेलनाला सरकार दोन कोटी देतं, ते कला, भाषा की पर्यटन?

विनोदाने विचारलेला प्रश्न, पण दर वर्षी येतो. पैसे येतात मराठी भाषा विभागाकडून, काम आहे साहित्याचं, म्हणून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ते सांस्कृतिक सेवांत. यजमान पालिकेने सवलतीत मैदान दिलं, रस्ते झाडले, बस सोडल्या, ते प्रश्न १२ प्रमाणे कुठेच मोजलं जात नाही. २०२५ मध्ये संमेलन दिल्लीत भरलं होतं. तरीही दिलेलं अनुदान महाराष्ट्राच्याच खर्चात मोजायचं, दिल्लीच्या नाही. पैसा कुठे खर्च झाला याने काही बदलत नाही, कोणाच्या तिजोरीतून निघाला ते बघायचं.